स्वयंपाकघराची पागडी

बर्लिनमध्ये भाड्याने घर मिळवण्याचा नियम सोपा आहे. तुमच्याकडे आधी बर्लिनमध्ये घर असावं लागतं. तेवढं असलं की बाकीचं आपोआप जमतं.

घरमालक मागतो काय, तर गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पगार जमा व्हायला खातं लागतं आणि खातं उघडताना बहुतेक बँका पत्ता विचारतात. पत्ता तोंडी सांगून भागत नाही. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत तो सरकारदरबारी नोंदवायचा असतो आणि नोंदवताना जागा देणाऱ्याच्या सहीचा कागद दाखवायचा असतो की होय, सदर इसम माझ्याच जागेत राहतो. नोंदणी झाली की करक्रमांक येतो. तो वेळेत दिला नाही, तर पगारातला कर सगळ्यात जड दराने कापला जातो. मग ती कापाकापी झालेली स्लिप बघून घरमालक खेदाने मान हलवतो, कारण हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट असावा अशी तिथली रीत आहे आणि तुमचा तेवढा दिसत नाही.

आमचा भाचा कोथरूडहून निघाला तो थेट या चक्रात जाऊन पडला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पगार बरा आहे आणि जाण्यापूर्वी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनही शिकून गेला होता. त्यामुळे नकार मूळ भाषेत समजत होते, एवढी सोय झाली. नकार येतात तेही फार सभ्य. आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार मानतात, पुढच्या शोधाला शुभेच्छा देतात. अर्थात नकार येणं हाही मानच. बहुतेक अर्जांना काहीच येत नाही. आणि उत्तर ताबडतोब आलं, गोड आलं, फोटोत लाकडी जमीन आणि फुलांनी भरलेली बाल्कनी असली, तर खुशाल समजावं की असं घर जगात नाही. त्या घराचा मालक सध्या लंडनला असतो, किल्ली कुरिअरने पाठवणार असतो, डिपॉझिट तेवढं आधी हवं असतं.

यात भर शुफाची. ही संस्था माणसाची पत मोजते. १९२७ साली बर्लिनमध्येच तिचा जन्म झाला. हप्त्यावर विजेची उपकरणं घेणारे लोक हप्ते फेडतील की नाही, हे तपासायला. आज तिच्या दाखल्याशिवाय घरमालक तोंड उघडत नाही. दाखला सुमारे ३० युरोंना मिळतो, पण त्यात लिहिण्यासारखं काहीतरी घडलेलं असावं लागतं. आमच्या भाच्याने आयुष्यात एक रुपया बुडवलेला नाही, कारण कधी उधार घेतलाच नाही. ताई हे लग्नाच्या स्थळांना अभिमानाने सांगते. शुफाच्या लेखी मात्र तो आकाशातून पडलेला होता.

या सगळ्यातून पार पडलेल्याने मग घरमालकाला आपली ओळख करून देणारं पत्र लिहायचं. ही प्रथा कोणी पाडली देव जाणे, पण आमच्याकडे या पत्राचा मसुदा कोथरूड आणि बर्लिन अशा दोन आघाड्यांवर तयार झाला. शेवटी गेला तो मजकूर साधारण असा:

"सन्माननीय महोदया, मी एक शांत, निर्व्यसनी आणि नियमित पगार असलेला तरुण आहे. मी धूम्रपान करत नाही. प्राणी पाळत नाही. कोणतंही वाद्य मला येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. रात्री दहानंतर मी आवाज करत नाही. रविवारी दिवसाही करत नाही. भिंतीला भोक पाडणं मला आवडत नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकताना मला समाधान मिळतं. हिवाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून घरात हवा खेळवणं हा माझा छंद आहे. मी बहुतेक वेळ कचेरीत असतो."

हे वाचून ताई गहिवरली. म्हणाली, "अरे, याला आपण इतकी वर्षं ओळखलंच नाही." तिचं म्हणणं होतं की दहावीच्या संस्कृतचे मार्क घालावेत, जर्मन लोकांना संस्कृतचं फार कौतुक असतं. भावजींनी ते खोडलं. तेवढ्याने निभावलं, नाहीतर ताई शाळेच्या दाखल्याची खरी प्रत जोडायला निघाली होती.

पत्रावर घर बघायला बोलावणं आलं. नॉयकोल्न भागात, चौथा मजला, लिफ्ट नाही. रांग जिन्यातून खाली फुटपाथवर आली होती आणि प्रत्येकाच्या हातात तोच निळा फोल्डर. आत मिळाली मोजून काही मिनिटं. दलालीणबाईंनी विचारलं, "तुम्ही घरी स्वयंपाक करता का?" या प्रश्नाला नाव इंडियन असलं की फार महत्त्व येतं. भाचा म्हणाला, "कधीतरी. सॅलड." ज्या घराण्यात लसणाच्या फोडणीशिवाय वरण खाली उतरत नाही, त्या घराण्याचा कुलदीपक हे बोलला. तरी घर मिळालं नाही ते नाहीच.

आता कोणी म्हणेल, हा भेदभाव झाला. छे. भेदभावाविरुद्ध जर्मनीत २००६ पासून चांगला कडक कायदा आहे. भाड्याच्या घरांनाही तो लागू आहे. फक्त वस्तीत समतोल राहावा म्हणून वेगळी वागणूक द्यायची झाली, तर तशी एक वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, एवढंच. २०१७ साली बायरिशर रुंडफुंक आणि 'डेर श्पीगेल' यांच्या पत्रकारांनी दहा शहरांत सुमारे २०,००० अर्ज पाठवून पाहिले. मजकूर सारखा, माणसं सारखीच सालस, फरक फक्त नावात. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला येण्याची आमंत्रणं ठळकपणे कमी आली. घरमालकांनी अर्थात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त दुसऱ्याला हो म्हणाले होते.

एवढी टंचाई का, असं विचारलं की बर्लिनकर तुम्हाला बसवून घेऊन समजावतो. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, बर्लिनमध्ये तर दहातले आठ. करार सहसा बेमुदत असतो. सबळ कारणाशिवाय मालक भाडेकरूला बाहेर काढू शकत नाही, भाडंही मनाला येईल तसं वाढवू शकत नाही. वा! फार सुंदर व्यवस्था आहे, आत असणाऱ्यासाठी. वीस वर्षांपूर्वी आत आलेली आजी चार खोल्यांत एकटी राहते, कारण दोन खोल्यांचं नवं घर तिला जुन्या चारांपेक्षा महाग पडतं. मालकालाही ठाऊक असतं की हा पाहुणा एकदा बसला की उठायचा नाही, म्हणून तो आत घेतानाच एवढं निरखून घेतो. दार जितकं भक्कम, तितका बाहेरचा बाहेर.

गिरगाव-दादरच्या मंडळींना यात नवीन काय ते सांगा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईत भाडी जिथल्या तिथे गोठली. चाळीतल्या खोलीचं भाडं चहाच्या किमतीत आलं, मालकाने छप्पर दुरुस्त करणं सोडून दिलं आणि खोली हातची सुटायची झाली की पागडी. कायद्यात बसवायला १९९९ साल उजाडावं लागलं, पण व्यवहार सगळ्यांना पाठ होता. जर्मन माणूस असलं काही करत नाही. तो स्वयंपाकघर विकतो.

म्हणजे असं. तिथे रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छतातून दिव्यांच्या वायरी लोंबत असतात. जुना भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर घेऊन जातो, किंवा नव्याला विकतो. हे विकणं ऐच्छिक असतं. तुम्ही त्याची दहा वर्षांची कपाटं तीन हजार युरोंना घेतली नाहीत तरी तो रागावत नाही. फक्त मालकाकडे नाव सुचवताना त्याला तुमचं नाव आठवत नाही. वस्तूच्या किमतीपेक्षा अवाच्या सवा पैसे घेऊ नयेत असं याही बाबतीत कायदा सांगतो, आणि घर हातात पडेपर्यंत सगळे तो आदराने ऐकून घेतात. डिपॉझिटचंही तसंच. मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क पहिल्याच भेटीत बोलून दाखवणारे उमेदवार अजून घर शोधत आहेत.

सरकार स्वस्थ बसलं होतं असं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनने भाडी कायद्यानेच गोठवून टाकली. मालकांनीही कायदा मनोभावे पाळला आणि नव्या करारांत दोन-दोन भाडी लिहायला सुरुवात केली: एक आजचं, कायद्यातलं, आणि दुसरं कायदा पडला तर द्यायचं. भाड्याच्या जाहिराती बघता बघता आटल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की हा कायदा करण्याचा अधिकार बर्लिनला नव्हताच. मग अनेकांना मधल्या महिन्यांचा फरक चुकवावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक ताब्यात घ्यावीत का, यावर सार्वमत झालं. ५९.१ टक्के वैध मतं 'घ्यावीत' म्हणाली. पुढच्या वर्षी त्यावर तज्ज्ञांची समिती बसली. २०२३ मध्ये समितीने अहवाल दिला की घेता येतील. त्यानंतर घरं आहेत तिथेच आहेत, कंपन्याही आहेत. आपल्या मंत्रालयातल्या कोणत्याही अनुभवी माणसाला हे वाचून घरच्यासारखं वाटेल. परदेशी भाडेकरूंना या मतदानाचा त्रास मात्र झाला नाही. त्यांना मत नव्हतं.

हे सगळं ऐकून भावजी भयंकर संतापले. "नाव बघून घर नाकारतात म्हणजे काय? एकविसावं शतक आहे!" आता भावजींचा कर्वेनगरला दुसरा फ्लॅट आहे. तो ते अकरा महिन्यांच्या कराराने देतात आणि फक्त फॅमिलीला देतात. बॅचलर नकोत. मुलगी एकटी असेल तर मुळीच नको. वकील नको, पोलीस नको, पत्रकार नको (हे माझ्याकडे बघून). नॉनव्हेज चालत नाही, अंडं चर्चेने ठरवू. आडनाव ते फोनवरच विचारतात, भेटीत वेळ जाऊ नये म्हणून. मी हळूच विषय काढला. भावजी म्हणाले, "ते वेगळं आहे. तो आमचा स्वतःचा फ्लॅट आहे."

अखेर भाच्याला जागा मिळाली, श्पांडाऊमध्ये, कोणाचा तरी पोटभाडेकरू म्हणून एक खोली. बर्लिनच्या इमारतींत सहसा फ्लॅटला नंबर नसतो, घंटेवर नाव असतं, आणि पोस्टमन त्या नावावर पत्रं टाकतो. भाच्याचं नाव घंटेवर लावायला मूळ भाडेकरू तयार नाही, कारण पोटभाडेकरू ठेवल्याचं त्याने मालकाला सांगितलेलं नाही. त्यामुळे करक्रमांकाचं पत्र त्या घरी येतं आणि घरमालकाचं मन राखून परत जातं.

भावजींनी मध्यंतरी स्वतः अभ्यास केला तेव्हा त्यांना एक मोठी गोष्ट सापडली. परदेशी माणसाला जर्मनीत घर विकत घ्यायला कायद्याची कसलीही बंदी नाही. नागरिकत्व नको, तिथे राहायला नको, वाद्य वाजवत नसल्याचं पत्र नको. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते, ताईचे धरून पाच. एका रविवारी त्यांनी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. बर्लिनची मुद्रांक शुल्कासारखी पट्टी सहा टक्के, नोटरीचे वेगळे, सगळं कागदावर मांडलेलं होतं. भाचा म्हणाला, "बाबा, स्वस्तातला घ्याल तर आत भाडेकरू असेल. घर विकलं तरी तो जात नाही, त्याचा करारही."

"जात नाही म्हणजे?"

"म्हणजे जात नाही."

भावजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रिकामाच बघ. थोडा महाग पडला तरी चालेल. आणि भाडेकरू एखादा जर्मनच गाठ. आपले लोक नकोत रे, फोडणीचा वास भिंतीतून जात नाही."