प्रामाणिक निर्धनतेची साधना

घरखर्चावरील प्रचलित ग्रंथ पैसा दर महिन्याच्या १ तारखेला येतो असे गृहीत धरतात. परंतु कर्नाटकातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांत तो सोयाबीनबरोबर दिवाळीच्या सुमारास आणि तुरीबरोबर संक्रांतीच्या आगेमागे, असा मुख्यत्वे दोनदाच येतो, व खर्चाला मात्र असा हंगाम नसतो. त्यामुळे पगाराचे तीन भाग करावेत वगैरे सूत्रे येथे उपयोगी पडत नाहीत.

साधकाने प्रथम पट्टी वाचावयास शिकावे. माल विकल्यावर आडत्या जो हिशेबाचा कागद देतो त्यास पट्टी म्हणतात. तिच्या वरच्या ओळीत क्विंटल व भाव ठसठशीत लिहिलेले असतात, त्याखाली हमाली आणि तोलाई, त्याखाली मागील उचल, म्हणजे पेरणीच्या वेळी बी-खतासाठी घेतलेली आगाऊ रक्कम, मग तिचे व्याज, आणि अगदी तळाशी, जेथे कागदाची घडी पडते तेथे, शेतकऱ्याच्या हाती येणारा आकडा. चारचौघांत वरची ओळ कधीही वाचू नये, कारण उसने मागणारा सोयरा त्याच ओळीवर आपला हिशेब मांडतो. शिवाय २०२४-२५ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये ठरला, तेव्हा ही वार्ता त्याच्या कानी आधीच गेलेली होती. उचल न फिटल्यास दामाजीपंतांचा दाखला देण्याची प्रथा आहे. मंगळवेढ्याच्या कोठारांतील धान्य त्यांनी दुष्काळात वाटून टाकले आणि त्याची रक्कम बिदरच्या दरबारात विठू महाराने भरून पावती नेली, असे परंपरा सांगते; तथापि तेवढ्या भरवशावर पुढील हंगामाची उचल घेणे शास्त्रसंमत नाही.

बचतीचा खरा शत्रू खर्च नसून मागणी आहे. मेहुण्याला नाही म्हणणे असभ्य आणि खोटे बोलणे पाप असल्यामुळे, पैसा असूनही तो हाताशी नसल्याचे खरेपणाने सांगता येणे, या अवस्थेस येथे प्रामाणिक निर्धनता असे नाव देता येईल. ती प्राप्त करून देणारी साधने जुनी आहेत. दुकानदाराच्या गल्ल्यातून रोज थोडी रक्कम गोळा करून नेणारी पिग्मी ठेव याच राज्याच्या किनाऱ्यावर, उडुपीला, १९२८ साली पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने सुरू केली, आणि तेव्हा दिवसाला दोन आणेही चालत. भिशीत सभासद दरमहा सारखी वर्गणी भरतात व जमलेली रक्कम पाळीपाळीने, चिठ्ठीने अथवा बोलीने, एकास मिळते. बोलीच्या भिशीत नडलेला सभासद कमी रकमेवर समाधान मानतो आणि त्याने सोडलेले पैसे उरलेल्यांत वाटले जातात, म्हणजे गरजवंत बिनगरजवंतास व्याज देतो, ज्यास सर्वजण सहकार्य म्हणतात. सुज्ञ साधकाने शेवटची पाळी घ्यावी, कारण तोवर त्याचा पैसा दुसऱ्यांच्या घरी सुखरूप नांदतो. मात्र पाळी लागल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, हा या साधनाचा दोष मान्य करावा लागतो.

महाराष्ट्राच्या सीमेमुळे या साधनेची एक पोटशाखा निर्माण झाली आहे. भालकीच्या थोरल्या बहिणीस ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये, तर सीमेपलीकडे उदगीरला दिलेल्या धाकटीस जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मंजूर असतात, आणि कोणाचे सरकार बरे यावर माहेरपणात वाद चालतो. गृहलक्ष्मीचा हप्ता अनेकदा रखडतो, याबद्दल तक्रार करण्यात येते. परंतु ज्या पैशाची तारीख खुद्द लाभार्थीस ठाऊक नाही त्यावर नवराही बेत आखू शकत नाही, हा त्यातील बचतीचा गुण अभ्यासकांच्या नजरेतून सुटला आहे.

वरील सर्व नियम मार्गशीर्ष अमावस्येस, म्हणजे येळवसेस, स्थगित राहतात. सोयाबीनचा पैसा संपलेला आणि तूर अजून शेतात उभी, अशा नेमक्या वेळी हा सण येत असला, तरी भज्जी आणि आंबील खायला शेतावर किती माणसे बोलवावीत याचे अंदाजपत्रक केलेले नसते. त्या दिवशी मेहुणाही येतो, पोटभर जेवतो, आणि तूर कधी काढणार, असे विचारतो.