नाना आणि त्यांचा रेडियल

जळगावात सकाळी रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की सवाल ठरलेला असतो, "कथा चालनात नाना?" दुसरा कुणी "इथंच" म्हणून सुटला असता. नाना थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सांगतात, "टॉवर चौकापासून चाळीस अंश, अर्धा किलोमीटर." ते चाललेत कुठे, हे विचारणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

नाना विमानतळांवरची रेडिओ यंत्रं सांभाळून निवृत्त झाले. अशी माणसं प्रत्येक खात्यात निघतात. पाटबंधाऱ्यातला निवृत्त साहेब लग्नात गेला तरी पिंपातल्या पाण्याची पातळी बघतो, कोषागारातला आहेराच्या पाकिटाची पावती मागतो. नानांच्या वाट्याला व्हीओआर आला. विमानाला दिशा सांगणारं हे जमिनीवरचं केंद्र. त्यातून दोन लहरी निघतात, एक चहूकडे सारखी, दुसरी गरगर फिरती. दोघींच्या ठेक्यातला फरक विमानातलं यंत्र मोजतं आणि आपण केंद्रापासून कितव्या अंशावर आहोत ते सांगतं. अशा तीनशेसाठ रेघा, म्हणजे रेडियल. त्यांची उत्तर दिशा चुंबकीय. आणि प्रत्येक रेघ केंद्रापासून बाहेर मोजायची, कधीही आत नाही. या शेवटच्या वाक्यावर नानांचं उर्वरित आयुष्य उभं आहे.

जळगावच्या विमानतळावर विमान शिकणारी पोरं चहाला येतात, तिथे नाना आधीच बसलेले असतात. "चिकलठाण्याच्या व्हीओआरपासून जळगाव कितव्या रेडियलवर?" पोरगं नकाशा आठवून म्हणतं, "साधारण अकरा, सर." "शाब्बास. आता जळगावहून चिकलठाण्याला जायचंय. नाक कुठे?" "अकरा." इथे नानांचा चहा निवतो. "अरे, अकरावर नाक केलंस तर सातपुडा ओलांडशील! रेडियल अकराच, नाक एकशेएक्याण्णव. जळगाव-पाचोरा एसटी पाचोऱ्याहून परत येताना रस्ता बदलते का? रस्ता तोच, तोंड उलटं."

खरा धोका पुढेच आहे आणि तो नाना फार चवीनं सांगतात. यंत्रावर अकरा तसाच ठेवला, खिडकीत 'फ्रॉम' दिसतंय आणि विमान मात्र केंद्राकडे निघालंय, अशा वेळी सुई उलटी बोलते. सुई डावीकडे गेली म्हणून वैमानिक डावीकडे वळतो आणि रेघेपासून आणखी लांब जातो. जितका प्रामाणिकपणे सुईचा पाठलाग, तितका माणूस भरकटलेला. यंत्र बिघडलेलं नसतं. विमानाचं नाक कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं, ते फक्त जागा सांगतं. नानांचं यंत्रावर एवढं प्रेम का, हे मला या वाक्याला कळलं.

साठ सागरी मैलांवर एक अंश चुकला तर एक मैल चुकतो, हे गणित ते घरातही लावतात. बाजारात वांगी बामणोदची आहेत असं एकानं सांगितलं की नाना शेजारच्या गाडीवाल्यालाही विचारून येतात. एका केंद्रावरून नुसती रेघ मिळते, जागा पक्की करायला दुसऱ्या केंद्राची रेघ तिला छेदावी लागते. तोवर चांगली वांगी संपलेली असतात. माई भरताऐवजी पिठलं टाकतात आणि काही बोलत नाहीत.

धुळे त्यांना मनापासून आवडतं. लेक देवपुरात असते हे एक कारण. सरळ रस्ते आणि नंबर घातलेल्या गल्ल्या हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. जे. आर. डी. टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबात उडायला शिकले, त्याची शिकाऊ विमानं गोंदूरच्या धावपट्टीवरून उडतात. लेकीकडे गेले की नाना अंगणात मान वर करून उभे राहतात. "चिकलठाण्यापासून तीनशेतीसच्या आसपास," ते जावयाला सांगतात. जावई बँकेत आहेत. ते मान डोलावतात. अंगणात उभं राहून तो सिग्नल मिळणार नाही, त्याची वाट सरळ रेषेची आणि मध्ये अजिंठ्याचे डोंगर, हेही नानाच सांगतात. जावई पुन्हा मान डोलावतात.

उपग्रहाचं नाव काढलेलं मात्र त्यांना खपत नाही. २०२२च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोचं विमान 'गगन' यंत्रणेच्या आधाराने उतरलं. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण, दोन्ही आपलीच, म्हणून नानांना उघड नावं ठेवता येईनात. "चांगलं आहे," ते म्हणाले, आणि दोन दिवस पेपर वाचला नाही. धुळ्याच्या रस्त्यावर भाच्याच्या मोबाइलमधली बाई "पाचशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणाली, तेव्हा एरंडोलपर्यंत त्यांचा तिच्याशी वाद चालला होता. पाचशे मीटर कशापासून, एवढंच त्यांचं म्हणणं. भाच्याला वळण चुकलं.

फोनवर ते आधी ओळख मागतात. प्रत्येक व्हीओआर मोर्समध्ये स्वतःची अक्षरं वाजवतो, चिकलठाण्याचा ए-ए-यू. ती ऐकल्याशिवाय सुईवर विश्वास ठेवायचा नाही हा नियम. परवा जावयांचा फोन आला. नानांनी तीनदा नाव सांगायला लावलं.

"अहो, जावई आहेत!" माई आतून ओरडल्या.

"ते पटलं. पण धुळ्याहून निघालेत की धुळ्याला निघालेत?"

माईंनी येऊन फोन काढून घेतला आणि विचारलं, "जेवायला किती जण?"