वाण, रबर आणि हिरवी शाई

मिळालेलं वाण फेकून देता येत नाही आणि वापरवतही नाही. म्हणून ते फिरतं. श्रूजबरी, वेस्टबरो, नॉर्थबरो या तीन गावांत मिळून प्लॅस्टिकच्या जाळीदार परड्यांचा एकच साठा आहे, तो संक्रांतीला घरोघर निघतो आणि रथसप्तमीपर्यंत मूळ मालकिणीकडे परत पोचतो, असा माझा जुना संशय आहे. कोणी काही बोलत नाही. परडीवर नाव नसतं, त्यामुळे सगळ्यांचीच अब्रू शाबूत राहते.

माझ्या डब्यांवर मात्र नाव असतं. बुडाला, जांभळ्या शाईत, गोल शिक्का. वरच्या कमानीत ‘हस्तनिर्मित’, मध्ये माझं संपूर्ण नाव, खाली ‘श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स’. तिळाच्या दोन वड्या कशाबशा मावतील एवढी ती कागदी डबी आणि तिला जिल्हाधिकारी कार्यालयाला शोभेल असा शिक्का. नवऱ्याने पहिली डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “जावक क्रमांक टाकायचा राहिला.”

तर एका हळदीकुंकवाला माझ्या हातात डबी आली. मी सवयीने उलटी केली, आणि बुडाला मीच! यजमानीणबाईंच्या ते लक्षात आलं. क्षणभर त्यांच्या हातातली अत्तरदाणी थांबली. मग म्हणाल्या, “अगं, तुझ्या हातचं इतकं सुरेख, दुसऱ्या कुणाला द्यायला जीवच होईना.” खरं तर मला राग यायला हवा होता. पण मी डबी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. वर्ष उलटलं तरी शाई फिकी झालेली नव्हती. पिगमेंट शाईचं असंच असतं, वाळायला वेळ घेते पण टिकते, हे मी त्यांना तिथेच तबकासमोर समजावून सांगितलं. मागे ओटी भरून घ्यायला चार जणी ताटकळत होत्या.

आमच्या लोकांत ‘मी स्टॅम्पिंग करते’ असं सांगायची सोय नाही. “मुंबईला की हैदराबादला? तारीख कधीची मिळाली?” असं ताबडतोब विचारतात. व्हिसाचं ते प्रकरण पुढे येईलच. माझं स्टॅम्पिंग म्हणजे रबराचे ठसे, शाईचे पॅड, रंगीत जाड कागद आणि जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नसणं. अमेरिकेत या छंदावर अख्खे धंदे उभे आहेत. दोघी बहिणींनी १९८८ मध्ये ‘स्टॅम्पिन अप’ सुरू केलं. त्यांच्या प्रतिनिधी घरोघरी बायका जमवून ठसे कसे मारायचे ते दाखवतात आणि मग हळूच कॅटलॉग पुढे सरकवतात. अशाच एका बेसमेंटमध्ये आमच्या गल्लीतल्या आजीबाईंनी मला ओढून नेलं. तिथे काय नव्हतं? भोपळे, हरणं, चष्मा लावलेलं मांजर, कुत्रा वारला तर मालकाला पाठवायच्या सांत्वनपत्रासाठी वेगळा ठसा. नव्हता तो फक्त हलव्याचा दागिना. पतंगसुद्धा निघाला तो शेपटीचा, इंग्रजी.

म्हणून मी स्वतः कोरायला लागले. अक्षर ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, कागद उपडा करून गुलाबी रबरावर ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा, की अक्षर आपोआप आरशातलं होऊन रबरावर उतरतं. मग बारीक कोरणीने नको तेवढं काढून टाकायचं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, एक गेलं तर एक गेलं. आपल्याकडे शिरोरेषेने सगळे एकत्र कुटुंबात बांधलेले. त्यात ‘तीळगूळ’मध्ये दोन ळ, म्हणजे दोन ठिकाणी दोन दोन पोटं, आणि प्रत्येक पोटातून रव्याच्या कणाएवढं रबर उचलायचं. माझा ‘ळ’ पहिल्यांदा स्वच्छ उमटला तेव्हा मी त्याचा फोटो सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही ग्रुपवर टाकला. सासरहून नमस्काराचे हात आले. माहेरहून बाबांनी विचारलं, “कोणत्या कामासाठी?”

बाबांना शिक्क्याचं कौतुक सांगायला जाणं म्हणजे जरा आगाऊपणाच. बाबा पाटबंधारे खात्यात उपअभियंता, म्हणजे राजपत्रित अधिकारी. १९८० किंवा १९९० च्या दशकात ज्यांनी महाराष्ट्रात कॉलेजात प्रवेश घेतला त्यांना पुढचं सांगायला नकोच, पण मी सांगणार आहे, कारण हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. दहावीचा निकाल लागला की सातारच्या पावसात आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर मुलं उभी राहायची. शर्टाच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. प्रत खरी आहे असं कुणीतरी मोठ्या माणसाने म्हटल्याशिवाय ती खरी होत नसे, आणि आमच्या कॉलनीत असं म्हणू शकणारा मोठा माणूस म्हणजे बाबा.

पॅड सांभाळण्याचं काम माझं. पत्र्याच्या डबीतला जांभळा पॅड. त्यावर बाटलीतून शाईचे थेंब सोडायचे आणि बोटाने पसरायचे. जूनभर माझा अंगठा जांभळा असे आणि शाळेत मी तो जरा उंचच धरत असे. शिक्के दोन. लांबट ‘खरी प्रत’ आणि तीन ओळींचा नाव-हुद्द्याचा. खरी प्रत डावीकडे, नाव उजवीकडे, नावाच्या डोक्यावर हिरव्या शाईत सही. रबर कोरडं वाटलं तर त्यावर ‘हाऽ’ करून तोंडाची वाफ सोडायची; ती वाफ कुणाची, यावरून माझी आणि धाकट्या भावाची मारामारी व्हायची. शिक्का तिरका पडला तर बाबा ती प्रत बाजूला ठेवत आणि पोराला दुसऱ्या झेरॉक्ससाठी स्वतःच्या खिशातले आठ आणे देत. आई म्हणायची, “याला पगार सरकार देतं की हा सरकारला?”

पण मूळ कागद पाहिल्याशिवाय शिक्का उठायचा नाही. मेढ्याहून एक पोरगा आला होता, मूळ गुणपत्रिका घरी विसरून. बाबांनी त्याला एसटीने परत पाठवलं. आईने त्या रात्री बाबांशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी पोरगा निथळत आला. बाबांनी मूळ कागद खिडकीशी नेऊन ओळ न् ओळ वाचला, सगळ्या प्रतींवर सह्या केल्या आणि त्याला समोर बसवून पोहे खायला लावले. पोरगा खाताना घाबरलेलाच होता. बाबा त्याला म्हणाले, “गणितात चांगले आहेत हो.” एवढंच.

निवृत्त झाले तेव्हा शिक्के कार्यालयात जमा करावे लागले. पुढच्या जूनमध्ये पोरं आमच्या नव्या घराचा पत्ता शोधत आली. बाबा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की आता माझी सही चालत नाही. एकदा सांगून ते आत येऊ शकले असते. दिवसभर तिथेच उभे होते. मग २०१४-१५च्या सुमारास सरकारने ठरवलं की स्वसाक्षांकित प्रत पुरे, ज्याची त्यानेच आपल्या झेरॉक्सवर सही करायची. बाबा फोनवर म्हणाले, “हे चालत होतं, तर त्या मेढ्याच्या पोराला मी उगाच भिजवलं.”

माझ्या डबीच्या बुडाला तो शिक्का कुठून आला हे आता वेगळं सांगायला नको. पण नावाच्या माझ्या हावरेपणाला बाबांच्या शिक्क्याशिवाय आणखी एक कारण होतं, आणि ते एवढं गमतीचं नाही. मी इथे आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वनला जोडलेली. त्याआधी कॉलेजात सांख्यिकी शिकवत होते. इथे मला काम करायची परवानगी नव्हती आणि त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबरही नव्हता. फोनचं कनेक्शन, विजेचं बिल, घराचं भाडं, सगळे कागद नवऱ्याच्या नावावर. कुठल्याही खिडकीवर गेलं की नंबर विचारायचे, आणि मी त्याचा सांगायचे. वर्गात उभं राहून साठ पोरांना प्रमाण विचलन समजावणारी बाई फॉर्मवर ‘अवलंबित’ या चौकोनात टिक करायची. तेव्हा रात्री मी जे पहिलं काही कोरलं ते तीळगूळ नव्हतं, माझं नाव होतं. नवऱ्याचं नाव मध्ये न घालता.

वर गंमत अशी की त्या डब्या मला विकताही येत नव्हत्या. दोन डॉलरला एक विकली असती तरी ते विनापरवाना काम ठरलं असतं. माझं भेट देणं हे मनाचा मोठेपणा नव्हताच, कायद्याचं पालन होतं. आणि समोरून प्रत्येक बाई डबी हातात घेऊन तेच म्हणायची, “तुला काय बाई, वेळच वेळ!” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. म्हणणाऱ्याही विसरलेले नाही.

नावाच्या शिक्क्याची कोणी थट्टा केली की मी एस्थर हाउलंडला पुढे करते. ही आमच्या शेजारची, वूस्टरची. मधे फक्त क्विन्सिगमंड तळ्यावरचा पूल. १८४७ मध्ये माउंट होल्योकमधून शिकून बाहेर पडली. वडिलांचं कागद-पुस्तकांचं दुकान. इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन कार्ड तिने पाहिलं आणि तिला वाटलं, यात काय एवढं, मी याहून चांगलं करीन. (ही भावना मला परिचित आहे.) जाळीचा कागद, रंगीत चित्रं वगैरे मागवून तिने नमुने केले आणि विक्रीच्या फेरीवर निघालेल्या भावाच्या हाती दिले. दोनशे डॉलरची ऑर्डर मिळाली तरी खूप, अशी तिची अपेक्षा. भाऊ पाच हजारांची घेऊन परतला. मग तिने घराच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणींना बसवलं. एकीने चित्रं कापायची, दुसरीने पाठीमागचा रंगीत कागद लावायचा, तिसरीने जाळी चिकटवायची, कार्ड हातोहात पुढे सरकायचं. हेन्री फोर्ड तेव्हा जन्मालाही यायचा होता. आणि त्या कार्डांच्या पाठीमागे बारीक लाल अक्षर असायचं: ‘एच’. बघा!

१८८१ मध्ये तिने सगळा धंदा जॉर्ज व्हिटनीला विकून टाकला. का, तर वडील आजारी होते, त्यांच्याकडे बघायला. हे वाचलं त्या आठवड्यात मी बाबांना जरा जास्तच फोन केले. शेवटी त्यांनीच विचारलं, “पैसे हवे आहेत का?”

वूस्टरचा हा वारसा मी लेकीच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. इथल्या प्राथमिक शाळेत १४ फेब्रुवारीला वर्गातल्या प्रत्येक मुलाला कार्ड द्यावं लागतं. कोणाला वगळायचं नाही म्हणून बाई आधीच नावांची यादी घरी पाठवतात. मी प्रत्येकाच्या नावाचं वेगळं कार्ड केलं, त्यावर कोरलेला मोर, मोराच्या पिसाऱ्यावर सोनेरी एम्बॉसिंग पावडर. ती पावडर हीट गनखाली वितळते तो क्षण बघण्यासारखा असतो, फक्त जवळचा धुराचा अलार्म आधी झाकून ठेवावा. लेकीने कार्डं पाहिली. म्हणाली, “आई, छान आहेत. पण यात लॉलीपॉप नाहीये.” सगळ्यांची कार्डं दुकानातली, आत लॉलीपॉप खोचायला भोक पाडलेली. त्या भोकाचं महत्त्व मला समजलं नव्हतं. रात्री मोराच्या चोचीत भोक पाडून मी लॉलीपॉप खोचले. मोर सिगरेट ओढतोय असं दिसत होतं, पण वर्गात हिट झाला.

२६ मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज अमुक टप्प्यापर्यंत पोचला असेल तर एच-फोरवाल्यांना काम करता येऊ लागलं. आमचा पोचला होता. परवान्याचं कार्ड टपालाने आलं तेव्हा मी ते उलटं करून बघितलं, सवयीने. मागे बारीक अक्षरांचा गिचमिडा होता. शिक्का बिक्का काही नाही, फारच साधं काम. यथावकाश नोकरी लागली, आणि डब्या रात्री अकरानंतर सरकल्या. जिथे ‘वेळच वेळ’ म्हणत होते तिथे आता “कसं जमतं गं तुला हे सगळं?” असं विचारू लागले. डबी तीच, पण विचारणाऱ्यांचा सूर बदलला. मी तो बदल मान खाली घालून, विनयाने, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत उपभोगला.

गेल्या डिसेंबरात इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीतल्या एका ताईंचा फोन आला. संक्रांतीच्या कार्यक्रमाला दीडशे डब्या हव्या होत्या. “तू आवडीनेच करतेस, म्हणून हक्काने सांगतेय.”

मी घसा साफ केला आणि म्हटलं, “ताई, एका डबीचे तीन डॉलर.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, “अगं, डॉलर ट्रीमध्ये सव्वा डॉलरला अख्खा डबा मिळतो, झाकणासकट.”

मी म्हटलं, “हाताचं काम आहे. एस्थर हाउलंडसुद्धा फुकट करत नव्हती.”

“कोण हाउलंड? आपल्या मंडळाची मेंबर आहे का?”

“नाही. वूस्टरची.”

“मग तिचंही कोटेशन माग ना. कमिटीला तसंही तीन लागतात.”