लखोबासाठी वाइल्ड कार्ड

रिॲलिटी शोमधून बाहेर पडलेल्या स्पर्धकाला नाटकात घेतलं, की आमच्याकडच्या जाणकारांच्या पोटात दुखू लागतं. त्याला पाठांतर जमेल का, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल का, असले जुनाट प्रश्न विचारून ही मंडळी निर्मात्याच्या तोंडचा घास काढू बघतात. आम्ही त्यांच्या पक्षाचे नाही. आमचं म्हणणं एवढंच, की घ्यायचंच आहे तर अंगाला बसेल अशी भूमिका द्या. उगाच 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांच्या मागे लागू नका. घराबाहेर काढलं जाण्याचा अनुभव आमच्या उमेदवाराकडे आहे, हे मान्य. पण अप्पांना परत घ्यायला वाइल्ड कार्ड नव्हतं.

आचार्य अत्र्यांनी 1962 साली अशा स्पर्धकांसाठीच जणू एक भूमिका लिहून ठेवली आहे. 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निरनिराळी नावं लावून यानं लोकांना गंडवलं, बायकांशी लग्नं लावून त्यांना वाऱ्यावर सोडलं, आणि आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो प्रत्येक साक्षीदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगतो, की तो मी नव्हेच.

आता कुठल्याही स्पर्धकाची बाहेर पडल्यावरची पहिली मुलाखत आठवा. शोच्या घरात जिकडेतिकडे कॅमेरे. त्यानं अन्नावरून कोणाचं काय काढलं, ते अख्ख्या महाराष्ट्रानं जेवताना पाहिलेलं. पुढची पंधरा वाक्यंही लोकांना पाठ. आणि हा गडी सोफ्यावर रेलून शांतपणे सांगतो, "ते सगळं एडिटिंग आहे हो. मी तसा नाहीच मुळी." लखोबाला निदान फक्त साक्षीदारांना तोंड द्यायचं होतं, त्याच्याविरुद्ध चोवीस तासांचं फुटेज नव्हतं. पुराव्याच्या नाकावर टिच्चून कानांवर हात ठेवण्याची ही विद्या कुठल्या नाट्यशिबिरात शिकवतात?

सोंगांचंही तसंच. लखोबा कधी दिवाकर दातार होतो आणि पैशावर डोळा ठेवून लग्न जमवतो. घरात जोडी जमते ती मतांवर डोळा ठेवून, आणि फिनालेच्या दुसऱ्या दिवशी दोघंही 'आम्ही फक्त चांगले मित्र' असतात. लखोबा गोडबोल्या राधेश्याम महाराज होतो. नॉमिनेशनच्या आठवड्यात आमच्या उमेदवाराच्या जिभेवरही अशीच साखर येते. राहता राहिला कॅप्टन अशोक परांजपे. लखोबाची ती कॅप्टनकी बिचारी खोटी होती. आमच्या गड्यानं टास्कमध्ये दोघांना ढकलून ती रीतसर मिळवलेली असते.

अडचण एकच, आणि तिचं नाव प्रभाकर पणशीकर. लखोबाच्या भूमिकेत फिरत्या रंगमंचावर हा माणूस पाहतापाहता एका वेषातून दुसऱ्यात शिरत असे, आणि वेषाबरोबर चाल, आवाज, बोलण्याचा हेल असं सारंच बदलत असे. हे वर्षानुवर्षं, हजारो प्रयोगांत. आमच्या उमेदवाराकडे एवढा वेळ कुठला? पण वेष बदलायचाच कशाला? लोक तिकीट काढून येणार ते 'त्याला' बघायला. मिशा लावल्यावर तो ओळखूच आला नाही, तर एंट्रीला शिट्टी कोण मारणार? तेव्हा पाचही भूमिकांत तोच टी-शर्ट, तोच गॉगल. यामुळे फिर्यादी पक्षाचं कामही हलकं होईल. पाच जणांचा चेहरा एकच आहे हे न्यायालयाच्या पहिल्या दृश्यातच लक्षात येईल, नाटक वीस मिनिटांत आटपेल, आणि स्पर्धकाला त्याच रात्री एखाद्या दहीहंडीची सुपारीही घेता येईल.

परदेशचा दाखला दिल्याशिवाय आपल्याला काही पटत नाही, म्हणून तोही देतो. ब्रॉडवेवर 'शिकागो' या संगीतिकेचा नवा संच 1996 पासून चालू आहे. तिच्यातल्या रॉक्सी हार्टच्या भूमिकेत 2024 च्या सुरुवातीला अरियाना मॅडिक्स उतरली. 'वँडरपम्प रूल्स' या रिॲलिटी मालिकेतली ही बाई आल्यावर तिकीटबारीचं भलं झालं. नाकं मुरडणाऱ्यांनी आधी रॉक्सी कोण ते पाहावं. प्रियकराला गोळी घालून, वर्तमानपत्रांच्या जोरावर प्रसिद्ध होऊन, वर निर्दोष सुटणारी बाई. मॉरीन वॉटकिन्स या बातमीदार बाईंनी 1924 साली शिकागोत असे खटले स्वतः पाहिले आणि 1926 मध्ये त्यांवर नाटक लिहिलं. संगीतिका झाली ती 1975 मध्ये. वॉटकिन्सबाईंच्या काळात रिॲलिटी शो नव्हते. प्रसिद्धीसाठी खून करावा लागे.

अत्र्यांनीही एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरूनच नाटक रचलं. मात्र त्यांच्या काळचा प्रेक्षक थोडा मागासलेला होता. लखोबाच्या थापांवर तो पोट धरून हसायचा, टाळ्याही द्यायचा, पण पिंजऱ्यातला माणूस लबाड आहे हे न विसरता घरी जायचा. टाळी आणि मत या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवी. आपण ती अडगळ केव्हाच काढून टाकली आहे. ज्यानं हसवलं तो आपला, आणि जो आपला तो निर्दोष.

म्हणून निकाल कोर्टावर सोडण्यात अर्थ नाही. मध्यंतरात बटाटावडा खाताखाता प्रेक्षकांनी मोबाइलवरून मतदान करावं. दुसरा अंक सुरू होईपर्यंत लखोबाच्या चाहत्यांनी साक्षीला आलेल्या बाईला 'फुटेज खायला आली' म्हणून झोडपून काढावं. तिनं रडून दाखवलं तर 'सिंपथी कार्ड', आणि नाही रडली तर 'ॲटिट्यूड'. लखोबाला मतं किती पडतील याची चिंताच नको. त्याचं घराघरांत नाव आहे.

सर्वांत कमी मतं पडतील ती न्यायाधीशांना. पडणारच. अख्ख्या नाटकात ते कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत, कोणाच्या पाठीमागे कुजबुजले नाहीत. दोन्ही बाजूंचं ऐकून घेत नुसते बसून राहिले. असला माणूस घरात ठेवून टीआरपी येतो होय? त्यांनी बॅग भरावी.