लिंकदुरुस्ते काका

लग्नाची सीडी गेली आणि लिंक आली, तेव्हापासून प्रत्येक घराण्यात एक लिंकदुरुस्ते काका तयार झाले. फोटोग्राफर फिल्म व्हिमिओसारख्या ठिकाणी चढवतो, तिला पासवर्ड लावतो आणि दोन्ही एकाच निरोपात पाठवतो. यजमान तो निरोप जसाच्या तसा घराण्याच्या ग्रुपवर ढकलतात. कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगलेली असूनही दार उघडत नाही, आणि काकांना फोन जातो.

पडद्यावर काय लिहून आलंय, हे काका विचारत नाहीत. ते थेट पासवर्ड सांगायला घेतात, तोही गावांच्या नावांनी. "पुण्याचा पी, कॅपिटल. नागपूरचा एन, स्मॉल." इथवर कुणाची तक्रार नसते. पण काकांना तीच ती गावं चालत नाहीत. दुसऱ्या पी ला ते "फलटणचा पी" म्हणतात आणि पलीकडची मावशी एफ दाबते. "उस्मानाबादचा ओ" म्हटलं की ती यू दाबते. "अगं, स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते आठव," असं काका डोंबिवलीच्या मावशीला सुनावतात. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि ओ पोरका झाला. त्या जागी ओझर आलं. औरंगाबादही गेल्यावर काकांनी ए ची सोय अहमदनगरला केली. पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण ए बचावला. सरकारच्या या निर्णयावर काका समाधानी आहेत.

बरेचसे आजार पासवर्ड भरण्यातलेच असतात, आणि ते काकांना तोंडपाठ आहेत. मोबाइलचा कीबोर्ड कधी पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो. पासवर्डाला ते खपत नाही. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. मराठी कीबोर्ड चालू राहिला, तर लग्नाचं साल देवनागरी आकड्यांत पडू शकतं. डोळ्यांना बिनचूक दिसतं, साइट मात्र नाकारते. सर्वांत छुपा रोग व्हॉट्सॲपचा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणीची खूण असली की व्हॉट्सॲप तो शब्द ठळक करतं आणि चांदण्या गिळून टाकतं. पासवर्ड ठसठशीत दिसतो म्हणून यजमान खूश, आणि पाहुणे बाहेर.

कधी पासवर्ड बरोबर असूनही चौकट पुन्हा तोच मागते. एकदा दिलेला पासवर्ड लक्षात ठेवण्यासाठी साइटला कुकी ठेवावी लागते. व्हिडिओ फोटोग्राफरच्या पानात बसवलेला असेल, तर ती कुकी परक्या साइटची ठरते, आणि आयफोनवरचा सफारी अशा कुकीज मुळातच अडवतो. व्हिडिओ त्याच्या मूळ पानावर उघडला की काम होतं. पासवर्ड घेतला, पण चाक फिरत राहिलं, तर दोष बहुधा नेटचा. चित्राची क्वालिटी कमी करून बघावी. इथे पासवर्डाचा काही संबंध नसतो, हे काकांना माहीत आहे. तरीही ते म्हणतात, "एकदा फलटणपासून परत घेऊ."

यूट्यूबवरच्या खाजगी व्हिडिओला पासवर्ड नसतोच. बघणाऱ्याचा ईमेल मालकाने यादीत घालावा लागतो. ही तक्रार काकांना आवडत नाही. मग मावशीचा ईमेल यजमानांना फोनवरून कळवायची वेळ येते आणि काका खुलतात.

गावांच्या नावांनी अक्षरं सांगायच्या या सवयीचं मूळ बहुतेकदा टेलिफोन खात्यात सापडतं. ट्रंक कॉलच्या खरखरीत बी आणि डी एकच ऐकू येत, तेव्हा गावाच्या नावानेच अक्षर पार होई. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्तीत जानेवारी २०२० अखेर ७८ हजारांहून अधिक माणसं बाहेर पडली. अशा माणसांपैकी काही आता लिंका दुरुस्त करतात. त्यांना कुणी काम सांगितलेलं नाही, पगार तर नाहीच, आणि त्रास तर फारच होतो. पण रात्री साडेदहाला केलेला फोन हेच उचलतात, हेही खरं.

मावशीला फिल्म बघायचीच नसते. तिला हवे असतात ते पंगतीतले काही क्षण, जिथे आता हयात नसलेले तिचे यजमान जिलबी नको म्हणत हात आडवा धरतात. काका ती वेळ मिनिटा-सेकंदासह वहीत लिहून ठेवतात आणि पुढच्या खेपेला न विचारता सांगतात. त्या आकड्यांना मात्र ते गाव लावत नाहीत.

साठवणीची जागा भरली की फोटोग्राफर जुन्या फिल्म काढून टाकतो, आणि काढलेली फिल्म कोणत्याही पासवर्डाने उघडत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी डाउनलोडची परवानगी आधीच मागून घ्यावी, आणि पासवर्ड ठरवताना त्यात दोन पी येऊ देऊ नयेत.