मालवणात चायनीज खाण्याचा शास्त्रोक्त विधी

मालवणला आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत सुरमईची थाळी, कोंबडी-वडे, बांगडा आणि वाट्यांमागून वाट्या सोलकढी एवढा पल्ला गाठतं. मग घरातलं धाकटं पोर जाहीर करतं, "मला नूडल्स हव्यात." वडील दोन मिनिटं कोकणच्या खाद्यसंस्कृतीवर बोलतात आणि सर्वांच्या आधी चपला घालतात. प्रस्तुत मार्गदर्शन अशा वडिलांसाठी आहे.

पहिलं कर्तव्य जागेची निवड. पाटीवरच्या ड्रॅगनला भुलू नये. तो सगळीकडे असतो. कानावर भरवसा ठेवावा. भट्टीची आच फर्रफर्र ऐकू येत असेल आणि कढईवर पळी आपटत असेल, तर आत शिरावं. नूडल्स आणि भात मोठ्या आचेवर, झटपट परतण्याचे पदार्थ आहेत. मंद आचेवर त्यांचा चिकट गोळा होतो. बसताना मात्र वाऱ्याची दिशा बघावी. समुद्रावरचा वारा भट्टीकडून टेबलाकडे वळला, की सुक्या मिरचीच्या धुराने सगळं कुटुंब एका सुरात खोकतं आणि वेटर पाणी आणायला पळतो. लवकर पाणी मिळण्याचा हा एकमेव खात्रीचा मार्ग.

मेनूकार्ड लांबलचक असतं, पण घाबरू नये. त्यात पनीर, कोबी, कोंबडी आणि कोळंबी यांना मंच्युरियन, चिली व शेजवान यांनी गुणलेलं असतं. मग सगळ्याला पुन्हा दोनाने गुणायचं, ड्राय आणि ग्रेव्ही. 'ट्रिपल' मागवणाऱ्याला भात, नूडल्स व ग्रेव्ही एकत्र मिळतात आणि वर कुरकुरीत नूडल्सचं छप्पर. दोघांत एक पुरतो. तरी दोन मागवण्याची प्रथा आहे.

याच सुमारास टेबलावरचा एक जाणकार म्हणतो, "हे काही खरं चायनीज नव्हे." त्याला खोडून काढू नये, त्याचं म्हणणं बरोबर आहे. चिकन मंच्युरियनचा जन्म सांगतात तो 1975 सालचा, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातला. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला. म्हणजे वंशावळ बघितली तर समोरची प्लेट महाराष्ट्राचीच लेक ठरते. मंचुरियात जाऊन तिची चौकशी करू नये.

खरी मेख शेजवानात आहे. हे नाव ज्यावरून पडलं, त्या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाची ओळख दोन गोष्टींनी होते: मिरचीचा जाळ आणि जिभेला मुंग्या आणणारं एक बारीक फळ. आपल्याकडच्या शेजवान सॉसमध्ये सुकी लाल मिरची, लसूण, आलं, व्हिनेगर आणि साखर असते. मुंग्या आणणारं फळ नसतं. आता गंमत बघा. त्या फळाचं झाड ज्या वनस्पतिकुळातलं, किंबहुना ज्या प्रजातीतलं, त्याच प्रजातीतलं आपलं तिरफळ. दोन्हींचं टरफल वापरतात, आतली काळी बी टाकून देतात, आणि दोन्ही जीभ बधिर करतात. मालवणात ते बांगड्याच्या तिखल्यात पडतं. थोडक्यात, शेजवानातून हरवलेली वस्तू शेजारच्या खानावळीत माशाच्या पातेल्यात सापडते. दोन्ही दुकानांच्या मध्ये एक भिंत, पण ती ओलांडण्याचं आजवर कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. धाडसी ग्राहकाने तिरफळाची दोन टरफलं खिशातून न्यावीत आणि वेटर पाठमोरा असताना शेजवान राइसवर चुरडावीत. (मिरचीबद्दल कुणी अभिमान बाळगू नये. ती सिचुआनचीही नाही नि मालवणचीही नाही. दोघांकडे ती अमेरिका खंडातून आली.)

अजिनोमोटोचा प्रश्न आत्या विचारतील. विचारू द्यावा. 1908 साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ज्या पदार्थाची चव ओळखली, त्याचीच ही पूड. टोमॅटोतही तो घटक निसर्गतःच असतो. हे सगळं सांगून झालं तरी आत्या "आमच्यात घालू नका" असं सांगणारच. वेटर "हो काकू" म्हणणारच. पुढची चौकशी करू नये.

कोळंबी वा मासे मागवण्यापूर्वी कॅलेंडर बघावं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यंत्रचलित होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत 'आजची ताजी कोळंबी' असं कुणी म्हणालं, तर ती कुठली, एवढं हसतमुखाने विचारावं आणि उत्तर येईपर्यंत मंचाव सूप प्यावं.

शेवटी उरतो तो दुसरा ट्रिपल, म्हणजे पार्सल. हॉटेलच्या खोलीत फ्रिज असेल तरच ते न्यावं. शिजलेला भात रात्रभर उघड्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढू शकतो आणि त्याचं विष सकाळी गरम करूनही जात नाही. सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसायचं आहे, लाटा असतात, आणि होडीत संडास नसतो.