हिशेबाचं बटण

नागपूरच्या महालातल्या एका गणेश मंडळानं यंदा वर्गणीसाठी अ‍ॅप काढायचं ठरवलं. बनवणार अध्यक्षांचा भाचा. मिहानमधल्या कंपनीत आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. आणि भाचा आहे, म्हणजे फुकटात येतं.

भाच्यानं बैठकीत वही उघडली. "तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" हा प्रश्न महालात विचारायचा नसतो, हे कंपनीनं त्याला शिकवलं नव्हतं.

अध्यक्षांना अ‍ॅप उघडताच आपला फोटो हवा, हात जोडलेला. पथकवाल्यांना अ‍ॅप उघडताच ढोल हवा. उपाध्यक्षांची फोटोला हरकत नव्हती, एकट्याच्या फोटोला होती. बायका म्हणाल्या, आरतीच्या पाळ्या त्यात लावा, आमचा नंबर दरवर्षी प्रसाद संपल्यावर येते. (एवढी एकच शहाणी मागणी, ती पुढल्या वर्षावर ढकलली.) भाचा म्हणाला, मागण्यांना क्रम द्या. सगळ्यांनी पहिलाच दिला.

"चतुर्थीपर्यंत नाही होत, मामा."

मग ज्येष्ठ सल्लागारांनी इतिहास काढला. चिमणाबापू भोसले बंगालची मोहीम मारून आले, तर घरचा गणपती शिरवून झालेला. त्यांनी पितृपक्षात, म्हणजे हाडपकात, दुसरा बसवला म्हणतात. तोच हाडपक्या गणपती, मस्कऱ्याही म्हणतात त्याला; भोसल्यांच्या वाड्यात आजही बसतो. "राजाले मुदतवाढ भेटली, तुले काहून नाही भेटणार बावा?" भाच्यानं लिहून घेतलं : दुसरी आवृत्ती, हाडपकात.

खरी गोष्ट निघाली रात्री साडेदहाला. वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, नंतर हिशेब द्यावा लागतो. म्हणून भाच्यानं भाबडेपणानं विचारलं, "जमा किती झाले, हे कोणाकोणाला दिसू द्यायचं?"

ढोल थांबावेत तशी सभा थांबली.

"खजिनदारानं भरावं, मी पाहीन," अध्यक्ष म्हणाले. "मी भरीन अन् मीच पाहीन," खजिनदार म्हणाले. दोघांनाही दिसू नये, असं उपाध्यक्षांचं मत पडलं.

"अन् वर्गणी देणाऱ्याला?"

तीन तास एकमेकांची गचांडी धरणारे फोटोवाले नि ढोलवाले या प्रश्नावर चटकन एका बाजूला सरकले. ठराव एकमतानं पास झाला : 'हिशेब' हे बटण सर्वांत मोठं नि भगवं असावं; दाबलं की 'लवकरच येत आहे' असं दिसावं.

भाच्यानं ते तिथल्या तिथं पाच मिनिटांत करून दिलं. मुदतीत पुरी झालेली मागणी ती एवढीच.